‘आधी डिझाईन दाखव, मग बघू’

पाचशेची नवी नोट उलटसुलट करून पाहिली तर तिच्यावर दोन स्पर्धांचे निकाल छापलेले दिसतात. पुढच्या बाजूला रुपयाचं चिन्ह आहे. केंद्र सरकारने ते खुल्या स्पर्धेतून २०१० साली निवडलं. ते काढणारे डी. उदयकुमार हे तेव्हा आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरमधले संशोधक. मागच्या बाजूला गांधीजींचा चष्मा आहे. स्वच्छ भारत अभियानाचं हे बोधचिन्ह २०१४ साली कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी केलं आणि त्यांना पन्नास हजारांचं बक्षीस मिळालं. दोन्ही कामं चोख आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण बोधचिन्ह स्पर्धेची जाहिरात निघाली की शहापूर-मुरबाडकडच्या पोरांना हीच दोन नावं ऐकवली जातात, आणि तिथेच हिशेब चुकायला लागतो, कारण तो फक्त जिंकणाऱ्याचा मांडलेला असतो.

उरलेल्यांचाही मांडून बघू. रुपयाच्या स्पर्धेला तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या. प्रवेशिकेसोबत पाचशे रुपये शुल्क भरायचं होतं. अंतिम फेरीतल्या पाच जणांना प्रत्येकी पंचवीस हजार आणि विजेत्याला अडीच लाख अशी बक्षिसं होती. प्रत्येक प्रवेशिकेमागे एकच दिवस गेला असं धरा. अक्षराकृतीचं काम एका दिवसात होत नाही, पण धरा. तरी तीन हजार दिवस झाले, म्हणजे एका माणसाची सुट्टी न घेता केलेली आठ वर्षांची मेहनत. त्यातून एक चिन्ह वापरात आलं, पाच जणांना पैसे मिळाले, बाकीच्यांच्या दिवसांची नोंदही कुठे नाही. सरकारला ते चिन्ह साडेतीन-पावणेचार लाखांत पडलं असं म्हणतात. खरं तर त्याची खरी किंमत त्या हजारो लोकांनी आपापल्या खिशातून भरली, आणि ती कुठल्याच बजेटात दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: माल दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक घेईल कसं? दुकानदार नमुना दाखवतोच की. दाखवतो, पण मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेत बैल घेऊन उभा असलेला शेतकरी काय करतो ते पाहा. दहा जण दात बघून जातात, कोणीच घेतला नाही तर तो बैल घरी नेऊन नांगराला जुंपतो, किंवा पुढच्या बाजारात उभा करतो. एखाद्या गावाच्या क्रीडा मंडळासाठी, त्याच मंडळाच्या नावाने केलेलं बोधचिन्ह दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. ते न निवडलं गेल्याच्या क्षणी त्याची किंमत शून्य होते. म्हणून डिझाईनरचा नमुना म्हणजे त्याने आधी केलेली कामं. ती हवी तितकी दाखवावीत. तुमच्या नावाचं नवं काम हा नमुना नव्हे, ते कामच आहे.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो त्याला कारण आहे. तालुक्याच्या गावात डिझाईनचा धंदा फ्लेक्सच्या दुकानातून वाढला. तिथे दर चौरस फुटाचा असतो आणि पाटीवर ‘डिझाईन फ्री’ लिहिलेलं असतं. फ्री काहीच नसतं, डिझाईनचा खर्च छपाईच्या दरात धरलेला असतो. पण गिऱ्हाईकाच्या डोक्यात बसतं की कॉम्प्युटरवर करायला काय लागतं. मग वाढदिवसाचा, चषकाचा किंवा सत्यनारायणाचा बॅनर व्हॉट्सॲपवर मागवायचा, ‘दादांचा फोटो मोठा कर, सरपंचांचा डावीकडे घे’ करत चार वेळा बदलून घ्यायचा आणि ती इमेज घेऊन कल्याणला जायचं, कारण तिथे छपाई दोन रुपयांनी स्वस्त पडते. दरम्यान दुकानातल्या पोराने मोबाईलवरच्या अंधाऱ्या फोटोंची पार्श्वभूमी कापलेली असते. युनिकोडमध्ये आलेला मजकूर कोरलड्रॉमध्ये टाकल्यावर फुटलेली जोडाक्षरं एकेक करून पुन्हा टाईप केलेली असतात. आलेल्या नावांमधला ‘कै.’ आणि ‘श्री.’चा गोंधळ निस्तरलेला असतो, आणि ती चूक राहिली असती तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. छपाई दुसरीकडे गेली की या सगळ्याचे पैसे बुडाले. स्पर्धा आणि हा प्रकार दिसायला वेगळे, पण आतून एकच: काम आधी पुरं करून घ्यायचं, पैसे द्यायचे की नाही ते नंतर ठरवायचं.

पैशाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी अशा पद्धतीने काम चांगलं होत नाही, आणि माझ्या मते खरं नुकसान इथे आहे. चांगलं डिझाईन प्रश्न विचारून होतं. हे चिन्ह कुठे लागणार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर की लेटरहेडवर? एका रंगात छापलं तर ओळखू येईल का? गावातल्या म्हाताऱ्या माणसाला काय वाटलं पाहिजे? स्पर्धेच्या जाहिरातीत मात्र ‘आकर्षक व अर्थपूर्ण बोधचिन्ह’ एवढंच असतं. विचारायला कोणी नाही, म्हणून स्पर्धक अंदाजाने सुरक्षित तेच काढतो. मुरबाड म्हटलं की माळशेजचा धबधबा, सिद्धगड आणि कडेला वारली तारप्याचा फेर. पन्नास जण हेच पाठवणार आणि परीक्षक त्यातलं जास्त झगमगतं ते उचलणार. ज्याने विचारासाठी पैसे मोजले नाहीत त्याला आपल्याला नेमकं काय हवंय याचा विचारही करावा लागत नाही. नमुने बघून ठरवू, ही मुभा त्याला फुकट मिळते.

हा कल मोठ्या संस्थांतही आहे. टोकियो ऑलिम्पिकचं पहिलं बोधचिन्ह उचलेगिरीच्या आरोपानंतर २०१५ साली मागे घ्यावं लागलं, तेव्हा आयोजकांनी खुली स्पर्धा जाहीर केली. १४,५९९ प्रवेशिका आल्या. बक्षीस दहा लाख येन आणि उद्घाटन सोहळ्याची तिकिटं. अमेरिकेतल्या डिझाईनरांच्या ‘एआयजीए’ या संघटनेने आयोजकांना पत्र लिहून या पद्धतीवर उघड आक्षेप घेतला. जगभर मिरवायच्या चिन्हासाठी व्यावसायिकांनी फुकट काम का करावं, हा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे असं पत्र लिहिणारं कोण आहे? वास्तुविशारदांना निदान नियमाचा आधार आहे. त्यांच्या वर्तनाच्या १९८९ च्या नियमावलीनुसार त्यांना दुसऱ्या वास्तुविशारदांशी चढाओढ करत मोबदल्याशिवाय किंवा कमी मोबदल्यात आराखडे करता येत नाहीत. अपवाद फक्त कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घेतलेल्या स्पर्धेचा. लोगो आणि पोस्टर करणाऱ्यांना असं कौन्सिल नाही, म्हणून ‘नाही’ म्हणण्याचं ओझं प्रत्येकाला एकट्याने उचलावं लागतं.

नव्या पोराने काय करावं, हा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. हातात काम नाही, दाखवायला काही नाही, स्पर्धेने निदान सराव तरी होतो. सराव जरूर करावा, पण आपल्या अटींवर. शेजारच्या बचत गटाच्या पापडाचं पाकीट मनाने नव्याने करून बघावं, आपल्या एसटी स्टँडच्या पाट्या कशा असाव्यात ते काढावं. ते काम तुमचं राहतं आणि कुणालाही दाखवता येतं. उदयकुमारांचं उदाहरण द्यायचं तर तेही पुरतं द्यावं: ते अक्षररचनेचा अभ्यास करत होते, रिकाम्या हाताने नशीब काढायला आले नव्हते. दुसरं, देवळाच्या जीर्णोद्धाराला किंवा शाळेला फुकट काम करणं वेगळं. ती देणगी असते, आणि देणगी देणारा ठरवतो. तिचं पूर्ण रकमेचं बिल करून खाली ‘वर्गणी म्हणून माफ’ असं लिहिलं तर समितीलाही कळतं की आपल्याला काय मिळालं.

स्पर्धेत उतरायचंच असेल तर नियमावलीतलं एक वाक्य आधी शोधा: ‘सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील.’ सर्व म्हणजे हरलेल्यांचेही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे निर्मितीचा पहिला मालक सहसा निर्माताच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क दिल्यावरही काम आपलं आहे असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे निर्मात्याकडेच राहतो. न निवडलेल्या कामाचे हक्क मागणारी स्पर्धा म्हणजे स्वस्तात चित्रांचा साठा करण्याची युक्ती, मग आयोजक कितीही मोठा असो.

आयोजकांना दुसरा रस्ता नाही असंही नाही. एखाद्या नगरपंचायतीने बोधचिन्हासाठी दहा हजार बाजूला काढले असतील, तर तालुक्यातल्या आणि आसपासच्या डिझाईनरांची जुनी कामं मागवावीत. त्यातले तीन निवडावेत, प्रत्येकाशी अर्धा तास बोलावं, कच्च्या आराखड्याचे दीड-दीड हजार द्यावेत आणि पसंत पडेल त्याला उरलेल्या साडेपाच हजारांत काम पुरं करू द्यावं. खर्च तोच. प्रवेशिकांचा ढीग आणि पारितोषिक वितरणाचा फोटो मात्र मिळणार नाही. बऱ्याच ठिकाणी गाडी इथेच अडते, कारण स्पर्धा बोधचिन्हासाठी कमी आणि त्या फोटोसाठी जास्त असते. फ्लेक्सवाल्या पोराने तरी तोवर एवढं करावं: पहिला आराखडा वॉटरमार्क टाकूनच पाठवावा, ओपन फाईल पूर्ण पैसे आल्याशिवाय देऊ नये, आणि छपाई कुठेही होवो, डिझाईनचा आकडा बिलात वेगळ्या ओळीत लिहावा.