बेगड आणि बेगडी

मराठी समीक्षेच्या शब्दसंग्रहात काही शब्द असे आहेत की ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे काही सिद्ध करण्याची गरज उरत नाही. 'बेगडी' हा त्यांपैकीच एक. भाषा बेगडी, भावना बेगडी, ग्रामीणता बेगडी असे म्हटले की निकाल लागला. पुरावा कोणी मागत नाही. आम्ही मराठीचे अध्यापक. गेली पंधरा-वीस वर्षे हा शब्द आम्ही वर्गात, चर्चासत्रांत आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या समासात बिनदिक्कत वापरत आलो. प्रस्तुत लेखात त्याच शब्दाची फेरतपासणी करावयाची आहे, आणि तीही जरा आडवाटेने: एका जुन्या मोटारीच्या वीतभर प्रतिकृतीवर चंदेरी पट्टी चिकटवण्याच्या कामातून.

आधी निमित्त सांगतो. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने पोळ्यावर निबंध लिहिला. मुलगा जालना जिल्ह्यातल्याच एका खेड्यातला. आदल्या दिवशीची खांदमळणी, बैलांना दिलेले आवतण, साळलेली शिंगे, झूल, गोंडे, शेंब्या असे सारे त्यात होते. पण प्रत्येक नामाला दोन-दोन विशेषणे जडवलेली. आम्ही समासात लाल शाईने लिहिले, 'भाषा बेगडी'. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. वाद घालायला नव्हे, खरोखरची शंका म्हणून त्याने विचारले, "सर, बेगड वाईट असतो का? आमचे बाबा दर पोळ्याला स्वतःच्या हातानं लावतात." आम्ही हसलो, अभिधा आणि लक्षणा यांतला भेद त्याला समजावून सांगितला. त्याने मान डोलावली. पुढच्या तीन वर्षांत त्याने स्वतः लिहिलेली एकही ओळ आम्हांला वाचायला दिली नाही.

हा प्रसंग आम्ही विसरलो होतो. तो आठवला तो अशा ठिकाणी, जिथे त्याचा काही संबंध असेल असे वाटलेच नसते. आम्हां दोघांपैकी एकाला मोटारींच्या छोट्या प्रतिकृती जुळवण्याचा छंद आहे. दुसरा बराच काळ नुसता बघ्या होता. एका दिवाळीच्या सुट्टीत तोही सुरी घेऊन बसला. समोर होती प्रीमियर पद्मिनी.

या गाडीविषयी थोडे सांगायला हवे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांतल्याच ११०० या गाडीला १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून महाराष्ट्राने तिला ओळखले. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. राणीचे नाव धारण करणाऱ्या या गाडीचे दागिने म्हणजे तिची क्रोमची कामे: पुढची जाळी, दिव्यांची कडी, बंपर, आणि अंगावरून पुढून मागे गेलेली सडसडीत पट्टी. हे दागिने काढले तर उरतो तो पत्र्याचा एक गोलसर डबा.

प्रतिकृतीवर हे क्रोम आणायचे कसे? पहिले उत्तर सुचते ते चंदेरी रंगाचे. ते फसते. रंगातले ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण वाटेल त्या दिशेला तोंड करून बसतात, प्रकाश विखुरतो आणि पट्टी चकाकण्याऐवजी करडी दिसते. आरशासारखे प्रतिबिंब हवे असेल तर सलग धातूच हवा. म्हणून हे काम करणारे लोक वर्ख वापरतात. अमेरिकेत 'बेअर मेटल फॉइल' या नावाचा, पाठीला चिकटा असलेला तयार वर्ख मिळतो. ज्यांना तो मिळत नाही ते स्वयंपाकघरातल्या फॉइलला वर्ख चिकटवण्याचा पातळ डिंक लावून भागवतात.

कृती सांगायला सोपी आहे. पट्टीपेक्षा जरा रुंद तुकडा कापायचा, चिमट्याने उचलून जागी ठेवायचा, बोटाच्या टोकाने मधून कडेकडे दाबत न्यायचा. मग कापसाच्या काडीने घासायचा आणि शेवटी दात कोरायच्या लाकडी काडीने कडेच्या खाचेत बसवायचा. त्यानंतर सुरीचे अगदी नवे पाते घेऊन, हाताचे वजन न टाकता, उंचवट्याच्या पायथ्याशी एक रेघ ओढायची आणि उरलेला वर्ख सोलून काढायचा. पाते जुने असेल तर वर्ख कापला जात नाही, फाटतो. हात जड पडला तर खालचा रंग चिरतो. आता मापाचा विचार करा. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर. मोटारींच्या प्रतिकृतींत १:२४ हे प्रमाण रूढ आहे. त्या प्रमाणात ती सोळा सेंटिमीटरांच्या आसपास येते. खऱ्या गाडीवर एक सेंटिमीटर रुंद असलेली पट्टी इथे अर्ध्या मिलिमीटरालाही पुरत नाही. एवढ्या रुंदीच्या दोन्ही कडा सरळ यायला हव्यात. आमच्या पहिल्या चार पट्ट्या काढून टाकाव्या लागल्या.

या खटपटीत जे लक्षात आले ते आमच्या समासातल्या शेऱ्याच्या नेमके उलट होते. आमची समजूत अशी की बेगड झाकतो. खालचे हीन लपवून वर चमक दाखवतो. प्रत्यक्षात वर्ख काहीच झाकत नाही. तो इतका पातळ असतो की खाली धुळीचा एक कण राहिला तर त्याचा डोंगर होतो. घासकागदाचा ओरखडा राहिला तर तो रंगाखाली दिसला नसता इतका ठळक वर्खावर दिसतो. चकाकी हीच दोष दाखवणारी गोष्ट ठरते. म्हणून वर्ख लावायच्या आधी खालचा पृष्ठभाग घोटून घ्यावा लागतो, आणि कामाचा मोठा वेळ त्यातच जातो. झाकण्याचे काम करतो तो जाड रंग. मग 'बेगडी' हा शब्द ज्या दोषाला आपण लावतो, त्याचे बेगडाशी नाते काय?

कोणी म्हणेल, ते काहीही असो, बेगड शेवटी नकली. खऱ्या गाडीवरचे क्रोम ते खरे. हेही तपासून पाहिले पाहिजे. खऱ्या गाडीचा बंपर क्रोमचा नसतो. तो पोलादाचा असतो. त्यावर निकेलचा काही मायक्रॉनांचा थर, आणि त्याच्याही वर क्रोमियमचा थर, जो शोभेच्या कामात बहुधा अर्ध्या मायक्रॉनहून जाड नसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्वयंपाकघरातले फॉइलदेखील याच्या वीस-तीस पट जाड भरेल. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणत होतो तोच बेगड अधिक पातळ निघाला. अस्सल आणि नक्कल हा भेद इथे द्रव्यात सापडत नाही. तो शोधायचा तर अन्यत्र शोधावा लागेल.

कुठे? आमच्या मते, कडेत. चमक कुठे सुरू व्हावी आणि कुठे थांबावी यात. पट्टीच्या बाहेर केसभर वर्ख राहिला की सगळी गाडी खेळण्यातली दिसू लागते. नेमका पायथ्याशी कापला गेला की तोच वर्ख पोलादाचे वजन धारण करतो. आपल्या काव्यशास्त्राला ही गोष्ट ठाऊक होती. अलंकार हेच काव्याचे सर्वस्व मानणारे आचार्य होऊन गेले, तसा क्वचित अलंकार स्पष्ट नसला तरी चालेल अशी सवलत देणारा मम्मटही झाला. पण अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने या वादाला वेगळे वळण दिले. औचित्याची चर्चा करताना तो कमरेचा दागिना गळ्यात घालणाऱ्याचा आणि गळ्यातला हार कमरेला बांधणाऱ्याचा दाखला देतो. दागिना खोटा आहे अशी त्याची तक्रार नाही. जागा चुकली, एवढेच त्याचे म्हणणे आहे. आणि जागेची चूक दाखवून देता येते, दुरुस्तही करता येते. 'बेगडी' म्हणून झिडकारल्यावर दुरुस्तीला वावच राहत नाही.

आमच्याच जिल्ह्यातला आणखी एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. मोक्षाची वाट दाखवणारा ग्रंथकार तिथे अक्षराचा वाटोळेपणा, ओळींचा सरळपणा, सोडलेला समास आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत राखायचा एकसारखेपणा यांविषयी मन लावून बोलतो. हाताच्या कामातली शिस्त त्यांना क्षुल्लक वाटली नाही. अक्षराच्या वळणाला 'वरवरचे' म्हणून बाजूला सारणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही.

आता पुन्हा पोळ्याकडे. शिंगे साळून गुळगुळीत करायची, त्यांवर हिंगूळ चढवायचा, मग बेगडाच्या पट्ट्या चिकटवायच्या, टोकांना शेंब्या बसवायच्या. शिंग साळणे म्हणजे पृष्ठभाग घोटणेच की! त्या मुलाचे वडील दर श्रावणी अमावास्येला जे करत होते ते आमच्या टेबलावरच्या कामाहून अवघडच म्हणायचे, कारण आमची पद्मिनी मान हलवत नव्हती. शिवाय त्यात फसवणूक कोणाची? शिंग सोन्याचे आहे असे बैलाला वाटत नाही, धन्याला वाटत नाही, वेशीत जमलेल्या गावालाही वाटत नाही. वर्षभर राबलेल्या जिवाला एक दिवस मान द्यायचा आणि खरे सोने परवडत नाही, म्हणून बेगड. त्यातला भाव अस्सल आहे, आणि तो दाखवायला परवडणारे साधन तेवढे आहे. गरिबाच्या साधनालाच आपण खोटेपणाचे नाव दिले आणि ते समीक्षेत आणून बसवले, ही गोष्ट आम्हांला आता बोचते.

शब्दांचे अर्थ वापराने ठरतात, हे आम्हीच वर्गात शिकवतो. 'बेगडी' हा शब्द कोशातून काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. तसा तो निघणारही नाही. म्हणणे एवढेच की तो निकाल म्हणून वापरू नये. कोणते विशेषण जागा सोडून बसले, कुठे कड फाटली, खालचा पृष्ठभाग कुठे घोटायचा राहिला, हे दाखवण्याचे कष्ट समीक्षकाने आणि शिक्षकाने घ्यावेत. ते घेतले नाहीत तर आपला शेराच बेगडी ठरतो. आणि इथे तो शब्द आम्ही त्याच्या रूढ अर्थाने, समजून-उमजून वापरत आहोत.

बैल कमी होत चालले आहेत. पद्मिनी गेली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत. अशाच कुठल्या ना कुठल्या भट्टीत जुन्या गाड्यांचे पोलाद जाते आणि कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये चिणले जाते. त्यात वाईट काही नाही. पण गाडीचा तो तोरा, उन्हात पट्टीवरून सरकत जाणारी ती तिरीप, भट्टीतून परत येत नाही. ती आज आमच्या कपाटावरच्या सोळा सेंटिमीटरांवर, काडीने घासून बसवलेल्या वर्खात तेवढी उरली आहे.

त्या निबंधात एक वाक्य होते, ते आता पुसटसे आठवते. बेगड लावून झाल्यावर वडील बैलाचे तोंड उन्हाकडे वळवून जरा दूर उभे राहतात, अशा आशयाचे. त्या वाक्यात एकही विशेषण नव्हते. आम्ही त्याखाली रेघ ओढायला हवी होती. समासात लिहायला हवे होते की हे नेमके बसले आहे, बाकीचे याच्या बेताने कापून घे. तो विद्यार्थी आता कुठे आहे, लिहितो की नाही, आम्हांला ठाऊक नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र देणे राहिले होते, ते इथे देतो. नाही, बेगड वाईट नसतो.