गुग्गुळाचे ऋण

तिन्हीसांजेला निखाऱ्यावर गुग्गुळ टाकून घरभर धूप फिरविण्याची रीत कोकण-गोमंतकातील पुष्कळ घरांत अजून टिकून आहे. सांधे धरले की वैद्य योगराज गुग्गुळाच्या गोळ्या देतात, त्याही आपल्या परिचयाच्या. परंतु ज्या झाडाचा हा डिंक, ते समुद्रकाठच्या माणसाने बहुधा पाहिलेले नसते. राजस्थान, कच्छ आणि मध्य प्रदेशातील चंबळच्या घळी अशा रुक्ष भूमीत वाढणारे ते काटेरी झुडूप आहे. २०१५ साली जागतिक निसर्गसंरक्षण संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत केली. ज्याचा धूप आपण रोज घेतो, त्याची ही अवस्था आपल्या कानी फारशी येऊ नये, याचा आम्हांस खेद वाटतो.

ऊन, कीड आणि चरणारी जनावरे यांपासून बचाव करण्यासाठी मरुभूमीतील वनस्पती अंगात डिंक, राळ, उग्र रसायने साठवितात. त्यांतच मनुष्याला औषध सापडते. सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. तो धागा धरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले व रक्तातील चरबी उतरते, असे १९६६ च्या आपल्या प्रबंधात दाखविले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ‘गुग्गुलिपिड’ हे औषध सिद्ध केले. प्राचीन वचन प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचा हा मार्ग आम्हांस अनुकरणीय वाटतो.

मात्र तपासणीचा मार्ग स्वीकारला की प्रतिकूल उत्तरही ऐकावे लागते. भारतातील आधीचे निष्कर्ष अनुकूल होते. पण २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे घेतलेल्या चाचणीत घातक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. या विसंगतीचा उलगडा आपल्याच देशात, मोठ्या आणि निःपक्षपाती चाचण्यांनी व्हावयास हवा. त्या कशा होऊ नयेत, हे भोपाळच्या करोंद भागाने दाखविले आहे. १९८४ च्या वायुकांडातील पीडितांसाठी तेथे उभारलेल्या रुग्णालयात या शतकाच्या पहिल्या दशकात नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या आणि रुग्णांची संमती नीट घेतली नाही, असे गंभीर आक्षेप घेतले गेले. रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगून मिळविलेली संमतीच खरी संमती होय.

औषधाच्या दुसऱ्या टोकालाही गरीबच उभा आहे. गुग्गुळाचे झाड डिंक देण्याजोगे होण्यास आठ-दहा वर्षे लागतात. बाजारात मागणी वाढली की अधिक डिंकाच्या आशेने त्यास खोल घाव घालतात, रासायनिक द्रव लावतात. डिंक मिळतो आणि झाड मरते. हे करणाऱ्या ग्रामस्थास केवळ दोष देऊन भागणार नाही. झाड राखून त्याचे पोट भरेल असा भाव त्याच्या पदरात पडतो काय, हा खरा प्रश्न आहे. मुरैना जिल्ह्यात ग्रामस्थांच्या साह्याने गुग्गुळाची लागवड झाली आहे. तिला हमखास गिऱ्हाईक मिळाले पाहिजे.

आपण दूर आहोत म्हणून निश्चिंत राहण्याचे कारण नाही. कर्करोगावरील औषधांचे मूळ असलेले कॅम्टोथेसिन सह्याद्रीतील नरक्या या झाडात आहे, हे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखविले. त्यानंतरच्या काळात कोकण आणि कोल्हापूरच्या रानांतून त्याची चोरटी तोड होत राहिली. अशा वेळी कायद्याचा आधार बळकट हवा होता. परंतु २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना जैवविविधता कायद्यातील लाभवाटपाच्या बंधनातून सूट दिली. गुग्गुळ तर ग्रंथांत आहेच! ज्ञान ग्रंथात असले तरी झाड रानात असते आणि ते राखणारा माणूस गावात असतो, याचा शासनाने पुन्हा विचार करावा.

औषधी कारखान्यांनी गुग्गुळ कोठला, रानातला की लागवडीचा, हे वेष्टनावर छापावे; शासनाने तसा नियम करावा. आपणही धूप विकत घेताना दुकानदारास हा प्रश्न विचारावा. गिऱ्हाईकाने विचारल्याखेरीज व्यापारी चौकशी करीत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे.