दहा राग आणि परकी पावती

गेल्या दिवाळीच्या सुटींत पुण्यास शिकणारा नातू येडगांवीं आला होता. रात्रीं घरांत निजानीज झाली कीं त्याच्या खोलींतून एकसारखा धपधप आवाज येई. चौथ्या रात्रीं मीं दार लोटून विचारलें, "अरे, हें संगीत कीं पिठाची गिरणी?" तो ओशाळून म्हणाला, "आजोबा, जरा बसून ऐका तर. भैरव आहे." मध्यरात्रीं भैरव! मी रागें भरणार, तोंच कोमल ऋषभ कानीं पडला आणि मी खाटेवर टेकलों.

त्या तबकडीची हकीकत वाचकांस सांगण्याजोगी आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे मुंबईचे चरणजितसिंग यांनीं १९८२ सालीं, डिस्कोची लाट भरांत असतां, भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस इत्यादि दहा राग विद्युत्-यंत्रांवर नाचाच्या ठेक्यांत वाजविले. त्यांतील टीबी-३०३ हें जपानच्या रोलंड कंपनीचें यंत्र गिटारवाल्यास खर्जाची साथ मिळावी म्हणून निघालें होतें. त्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या मींडेची ती दूरची बहीणच. तबकडी एच. एम. व्ही. नें काढली, पण ती खपली नाहीं.

पुढें २००२ सालीं एदो बाउमन नामक डच संग्राहकास ती दिल्लींत सांपडली व २०१० सालीं त्यानें ती पुनः प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य टीकाकार चकित झाले. कारण, शिकागोच्या 'फ्यूचर' मंडळीची १९८७ सालची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी त्यांच्याकडील 'ॲसिड हाउस' या नृत्यसंगीताचा आरंभ मानली जाते. तींतही हेंच यंत्र, आणि मुंबईची तबकडी तिच्या पांच वर्षें आधींची! कांहींना ही कोणा चेष्टेखोराची लबाडी वाटली. इतरांनीं सिंगांस त्या संगीताचे जनक ठरविलें. २०१५ सालीं मुंबईंत निवर्तण्यापूर्वीं ही स्तुति त्यांच्या कानीं पडली, इतकें बरें झालें.

परंतु ती स्तुति मला पुरती पटत नाहीं. शिकागोच्या तरुणांनीं ही तबकडी ऐकली होती, असा पुरावा नाहीं. केवळ आधीं असलें म्हणजे तें कारण होत नाहीं, हें तर्कसंग्रह शिकणारा विद्यार्थीही सांगेल. शिवाय 'पहिला' म्हटल्यानें भैरव कसा वाजला, हें कोठें कळतें? माझ्या मतें दहाही रागांस एकाच जातीची धांव दिल्यानें मालकंसाचें गांभीर्य उणावतें. भैरव व ललत यांची ओळख मात्र स्पष्ट पटते, आणि यंत्रांतून ती पटावी हें लहान काम नव्हे.

असा गुणदोषविचार आम्हीं १९८२ सालीं केला नाहीं. पुढें परक्यांनीं वाखाणल्यावर मात्र माना डोलावल्या. मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत कालिदासानें, स्वतः पारखून घेतो तो शहाणा व दुसऱ्याच्या मतावर चालतो तो मूढ, असा निवाडा दिलाच आहे. येथून नारायणगांव जवळच. विठाबाई नारायणगांवकरांचा तमाशा गाजत होता तेव्हां आमच्या ओसरीवर त्यांचें नांवही निघत नसे. आज त्यांच्या नांवें सरकारी पुरस्कार दिला जातो आणि आम्ही अभिमानानें 'आमच्या विठाबाई' म्हणतों.

निघतां निघतां नातू हळूच म्हणाला, "आजोबा, मीही असें रचतों. पण घरांत सगळे 'ढणढण' म्हणतात; सोडून द्यावें असें वाटतें."

दुसरे दिवशीं सकाळीं मीं त्याची रचना ओसरीवर लावविली. भजनाखेरीज कांहींही न ऐकणाऱ्या थोरल्या वहिनी मध्येंच म्हणाल्या, "भाऊजी, हा यमन ना?" यमनच होता, दोन ठिकाणीं शुद्ध मध्यम मात्र विनाकारण शिरला होता. तसें मीं सांगतांच मुलगा वही घेऊन जवळ येऊन बसला व म्हणाला, "कोठें तें दाखवा." नुसत्या शाबासकीनें तो इतका आनंदला नसता.