यंत्र नवे झाले, संवादाचे काय?

नवी वस्तू जुन्या वस्तूपेक्षा सरसच असली पाहिजे, अशी एक समजूत आपल्या मनात नकळत रुजलेली असते. काळाबरोबर यंत्रे सुधारत जातात हे खरे. परंतु यंत्रात केलेला प्रत्येक फेरफार म्हणजे उन्नतीच होय, असे म्हणता येत नाही. हा फेरफार कोणाच्या सोयीसाठी झाला, आणि ज्या कार्यासाठी ते यंत्र जन्मास आले त्या कार्यात त्यामुळे कितीशी भर पडली, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून नव्याचे स्वागत करू नये, असे माझे मत आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ मी एका लहानशा क्षेत्रातील उदाहरण घेणार आहे. ते क्षेत्र हौशी रेडिओचे, आणि उदाहरण मोटारीत बसविण्याच्या नव्या डिजिटल संचाचे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस हौशी रेडिओची ओळख नसेल. म्हणून प्रथम थोडे त्याविषयी. शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन ज्याने परवाना मिळविला आहे, तो मनुष्य नेमून दिलेल्या लहरींवर, स्वतःच्या बिनतारी संचाने, जगातील आपल्यासारख्याच दुसऱ्या परवानाधारकाशी बोलू शकतो. यात द्रव्यलाभाचा हेतू नसतो. शिकणे, प्रयोग करणे आणि प्रसंगी लोकांच्या उपयोगी पडणे हेच यातील धन. या मंडळींस ‘हॅम’ असे म्हणतात. आपल्या देशात १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून या परंपरेचा आरंभ झाला. आपल्या हैदराबाद शहराचा तर या छंदाशी विशेष संबंध आहे. कारण राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था १९८३ साली येथेच स्थापन झाली. २६ डिसेंबर २००४ रोजी सागराने अंदमान बेटांवर प्रलय मांडला, त्या वेळी याच संस्थेच्या श्रीमती भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअर येथे होत्या. दूरध्वनी मुके झाले असता त्यांच्या संचाने बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचविली. एक विजेरी, एक तारेचा तुकडा आणि एक जाणता मनुष्य एवढ्या सामग्रीवर असे काम होऊ शकते, हीच या विद्येची थोरवी.

आता डिजिटल पद्धतीकडे वळू. जुन्या पद्धतीत बोलणाऱ्याच्या आवाजातील चढउतार जसेच्या तसे लहरींवर उमटविले जातात. डिजिटल पद्धतीत आवाजाचे प्रथम अंकांत रूपांतर होते आणि ते अंक लहरींवरून पाठविले जातात. जपानमधील हौशी रेडिओ संघटनेने पुढे आणलेली ‘डी-स्टार’ ही या प्रकारची एक प्रसिद्ध पद्धती. तीत दर सेकंदास ४८०० अंक जातात. त्यांपैकी १२०० अंक नाव, स्थान अशा माहितीसाठी, १२०० वाटेत झालेल्या चुकांच्या दुरुस्तीसाठी, आणि उरलेले अवघे २४०० प्रत्यक्ष आवाजासाठी असतात. डिजिटल दूरध्वनीच्या तारेवर याच कामी दर सेकंदास ६४,००० अंक खर्ची पडत, हे लक्षात घेतले म्हणजे येथील काटकसर किती कठोर आहे ते कळून येईल. ही काटकसर साधते याचे कारण असे की, संच आवाज पाठवीतच नाही. तो आवाजाचे वर्णन पाठवितो, आणि पलीकडचा संच त्या वर्णनावरून तसा आवाज नव्याने घडवितो. यात मानवी बुद्धीचे कौतुक करण्याजोगे पुष्कळ आहे. अरुंद लहरपट्टा पुरतो, पार्श्वभूमीची खरखर नाहीशी होते, बोलणारा कोण व कोठे आहे हे पडद्यावर दिसते. हे लाभ मी नाकारीत नाही.

मजजवळ अशाच प्रकारचा काही वर्षांपूर्वीचा एक मोटारसंच होता. त्याच कंपनीने त्याची सुधारित आवृत्ती काढल्याचे वाचून मी ती मोठ्या अपेक्षेने मागविली. कंपनीचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. नव्या संचाचा पडदा मोठा व रंगीत आहे, तो बोटाच्या स्पर्शाने चालतो, आणि मोबाइल फोनशी त्याचा संबंध बिनतारी जोडता येतो. परंतु प्रक्षेपणाची शक्ती पूर्वीइतकीच, म्हणजे ५० वॅट. दूरचे क्षीण संदेश जेथे पूर्वी ऐकू येत तेथेच आताही येतात, त्यापलीकडे नाही. आवाजातील तो सुपरिचित अनुनासिक यांत्रिकपणाही कायम आहे. पूर्वी जे काम एक खुंटी फिरविल्याने होई, त्यासाठी आता पडद्यावरील तीन-तीन पाने उलटावी लागतात. आणि चालत्या मोटारीत रस्त्यावरची नजर काढून पडद्याकडे पाहणे हे केवळ गैरसोयीचे नव्हे, धोक्याचे आहे. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारच्या उन्हात तर तो पडदा दिसतच नाही. सोबतच्या पुस्तिकेत आरंभापुरतीच माहिती असून बाकीची आपण इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाची. जुन्या काळच्या संचांबरोबर घडी घातलेला मंडलाचा नकाशा येत असे. तो येथे नाही.

या तक्रारी एवढ्याच असत्या तर त्यांसाठी वार्षिकांकातील जागा अडविणे योग्य झाले नसते. माझी खरी निराशा याहून खोल आहे. नवी आवृत्ती काढताना ज्या मूळच्या उणिवा दूर व्हावयास हव्या होत्या, त्यांना कोणी हातच लावलेला नाही.

पहिली उणीव परस्परांस न समजण्याची. डी-स्टार २००१ साली जाहीर झाली. युरोपातील मानकसंस्थेची ‘डीएमआर’ पद्धती २००५ साली आली, आणि यासू कंपनीची ‘सिस्टिम फ्यूजन’ २०१३ साली. या तिन्हींची भाषा निराळी. एकाच लहरीवर शेजारी शेजारी उभे असलेले दोन संच एकमेकांस सर्वस्वी बहिरे असतात. आपण हैदराबादची मराठी माणसे घरी मराठी, बाजारात दखनी आणि शेजाऱ्याशी तेलुगू बोलतो. ज्याची भाषा येत नाही त्याच्याशीही खाणाखुणांनी व्यवहार करतो. या यंत्रांना तेवढेही साधत नाही. इंटरनेटवरील मध्यस्थ यंत्रणेच्या द्वारे या पद्धती जोडता येतात, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे; परंतु ज्या दिवशी पूर वा भूकंप यांमुळे इंटरनेटच बंद पडेल त्याच दिवशी हौशी रेडिओची खरी गरज भासणार, हे विसरून कसे चालेल?

दुसरी उणीव क्षीण संदेशाच्या वेळी दिसते. जुन्या पद्धतीत संदेश क्षीण होऊ लागला की खरखर हळूहळू वाढते. तरी मनुष्याचा कान त्या खरखरीतून ‘पाणी’, ‘जखमी’, ‘पूल’ असे शब्द वेचून घेतो. डिजिटल संदेश शेवटच्या घटकेपर्यंत स्वच्छ असतो, आणि मग एकाएकी त्याचे अर्थहीन तुकडे होतात किंवा तो अजिबात थांबतो. नित्याच्या गप्पागोष्टींत याचे काही वाटत नाही. संकटात मात्र अर्धवट ऐकू आलेल्या शब्दालाही मोल असते.

तिसरी उणीव मला शिक्षक या नात्याने सर्वांत अधिक बोचते. आवाजाचे अंकांत रूपांतर करणारी जी युक्ती या तिन्ही पद्धतींत वापरली आहे, ती एका अमेरिकन कंपनीची मालमत्ता आहे. हौशी मनुष्याच्या हाती ती येते ती तयार चिपच्या रूपाने. आत काय घडते हे त्याने पाहावयाचे नाही, त्यात फेरबदल करावयाचा नाही. फक्त विकत घ्यावयाचे आणि वापरावयाचे. ज्या छंदाचा पायाच स्वतः करून पाहण्यावर उभा आहे, त्याच्या गाभ्याशी अशी कुलूपबंद पेटी असावी, ही विसंगती नव्हे काय?

यावर मला कोणी पुराणप्रिय म्हणेल. तो आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. कारण १९५०च्या सुमारास ‘सिंगल साइडबँड’ ही ध्वनिपद्धती हौशी लोकांत प्रसार पावू लागली, तेव्हाही जुन्या मंडळींनी नाके मुरडली होती. परंतु त्या नव्या पद्धतीने तेवढ्याच शक्तीत आवाज पूर्वीपेक्षा दूर पोहोचत असे. जुना ग्राहक-संचही थोड्या खटपटीने ती ऐकू शके. आणि तिची मंडले मासिकांतून छापून येत, ती पाहून लोक घरी संच बांधीत. म्हणूनच ती टिकली आणि सर्वांची झाली. मी नव्यास विरोध करीत नाही. त्या वेळच्या नव्याने जे दिले ते आजच्या नव्याकडे मागतो आहे, इतकेच.

आणि हे मागणे अशक्यप्राय नाही. डेव्हिड रो या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने ‘कोडेक २’ ही आवाजाची युक्ती रचून सर्वांस खुली करून दिली. तिच्या आधारावर पोलंडमधील हौशी मंडळींनी २०१९ साली ‘एम १७’ नावाच्या खुल्या डिजिटल पद्धतीचे काम आरंभिले. हे प्रयत्न अजून लहान आहेत. पण त्यांची दिशा योग्य आहे. मोठ्या कंपन्यांनी पडद्याचे रंग वाढविण्यापूर्वी तिकडे लक्ष द्यावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणास या विद्येची गोडी लागली तर महागड्या संचाच्या जाहिरातींनी भुलून जाऊ नका. शाळकरी वयातही परवान्याची परीक्षा देता येते. तिचा अभ्यास करा. एखादा साधा ग्राहक-संच स्वतःच्या हाताने जोडा, आणि रात्रीच्या शांत वेळी त्यातून परक्या देशाचा आवाज ऐका. पुढे जेव्हा नवे यंत्र घेण्याची वेळ येईल, तेव्हा दुकानदारास तीन गोष्टी विचारा : हा संच दुसऱ्या कंपनीच्या संचाशी बोलतो काय? इंटरनेट नसताना याचा किती उपयोग? आणि याच्या अंतरंगाचा नकाशा मला मिळेल काय? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे देणारा संच बाजारात येईल, त्या दिवशी मी त्याचे मनापासून स्वागत करीन. तोवर माझ्या मोटारीत जुनाच संच राहील. त्याचा पडदा लहान आहे, परंतु साध्या पद्धतीने बोलणाऱ्या कोणाचीही हाक त्याला ऐकू येते.