जलाविना वाहनशुद्धि

घरची मोटार रोज नळीच्या धारेनें धुणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. इ. स. २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें महाराष्ट्रानें विसरूं नये.

यावर दोन उपाय आहेत. एकांत तयार द्रव फवारून पुसावयाचें. दुसऱ्यांत बादलीभर पाण्यांत अल्प द्रव मिसळून पुसावयाचें, मात्र वरून पाणी ओतावयाचें नाहीं. दोहोंचें मर्म एकच. द्रवांतील निसरडीं द्रव्यें धूलिकणांस वेढतात व ते रंगावर न घासतां कापडांत शिरतात. कोरड्या फडक्याखालीं तीच धूळ कानशीचें काम करते.

गाडी सावलींत व थंड असावी. मायक्रोफायबरचें लवदार फडकें दोनदां दुमडलें म्हणजे आठ बाजू मिळतात. दर वेळीं नवी बाजू घ्यावी. छतापासून खालीं, एकेक भाग, सरळ रेषेंत व न दाबतां पुसावें. चाकांचीं फडकीं निराळीं ठेवावीं; जमिनीवर पडलेलें फडकें धुतल्यावांचून वापरूं नये. द्रवाचें प्रमाण बाटलीवर असेल तेंच घ्यावें. अधिकानें डाग राहतात. पावसाळ्यांतील चिखल मात्र आधीं पाण्यानेंच सोडवावा.

एकाच कळकट फडक्यानें दहा गाड्या पुसणाऱ्या गड्यास ओरखड्यांबद्दल बोल लावणें सोपें आहे. त्याच्या हातीं सहा स्वच्छ फडकीं देणें हें गृहस्थाचें कर्तव्य होय. साधन न देतां दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.