आधी ऐका, मग शिक्षा करा

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण आपण फार सहज वापरतो. दंगा करणारा आणि तेथे नुसता उभा असलेला, दोघेही सारखेच भरडले जातात, आणि आपण म्हण सांगून मोकळे होतो. परंतु ओले कोणते आणि सुके कोणते हे पाहिल्याशिवाय काडी लावायची नाही, असे बंधन एखाद्या राज्यघटनेने सत्तेवर घातले तर? अमेरिकेच्या घटनेतील ‘ड्यू प्रोसेस’चे तत्त्व म्हणजे नेमके हेच बंधन होय.

रीतसर आणि न्याय्य प्रक्रियेवाचून कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता सरकारने हिरावून घेऊ नये, असे हे तत्त्व सांगते. १७९१ च्या पाचव्या दुरुस्तीने ते केंद्र सरकारला लागू झाले. यादवी युद्धानंतर, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने ते घटक राज्यांनाही लागू झाले. हे सारे खुनाच्या व दरोड्याच्या खटल्यांपुरते असेल, असे मला वाटत होते. ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ या खटल्याची हकीकत वाचली आणि तो समज गेला.

१९७१ साली ओहायो राज्यातील कोलंबस शहरात शाळांमधून अशांतता माजली होती. एका शाळेच्या भोजनगृहात गडबड होऊन मोडतोड झाली आणि अनेक मुलांना तडकाफडकी काढून टाकण्यात आले. त्यांतील एक मुलगा म्हणत होता, की मी काही केले नाही, मी नुसता तेथे होतो. त्या दिवशी आपल्यासारखी आणखी निदान ७५ मुले काढली गेली, असे त्याने साक्षीत सांगितले. राज्याच्या कायद्याप्रमाणे मुख्याध्यापकांना दहा दिवसांपर्यंत मुलाला शाळेबाहेर ठेवता येत होते. पालकांना कारण कळवले की पुरे. मुलाचे म्हणणे ऐकण्याची तरतूदच नव्हती.

१९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्या. व्हाइट यांनी लिहिलेल्या या निकालाने मागितले तरी काय? मुलावरचा आरोप त्याला सांगा. तो नाकारत असेल तर पुरावा सांगा आणि त्याची बाजू ऐका. वकील नको, उलटतपासणी नको. मुलापासून खरोखरच धोका असेल तर त्याला आधी बाहेर काढा. पण मग लवकरात लवकर ऐका.

विरोधी मत मांडणारे न्या. पॉवेल यांना वाटले, की अशाने न्यायालये शाळेच्या कारभारात शिरतील आणि शिस्त ढिली होईल. आपले अनेक प्राध्यापकही असेच म्हणतील. ही भीती अगदीच खोटी नाही. परंतु पाच मिनिटे ऐकून घेतल्याने जी शिस्त मोडते, ती शिस्त नसून धाक असतो, असे मी नम्रपणे म्हणेन.

अमेरिकेची आंधळी स्तुती करण्याचेही कारण नाही. दोनच वर्षांनी, १९७७ साली, ‘इनग्रॅहम विरुद्ध राइट’ हा खटला आला. फ्लोरिडातील एका मुलाला शाळेत लाकडी फळीचे वीसहून अधिक फटके मारले होते. तो कित्येक दिवस शाळेत जाऊ शकला नाही. या वेळी न्या. पॉवेल बहुमतात होते आणि न्या. व्हाइट अल्पमतात. फटक्यांपूर्वी मुलाचे ऐकण्याची गरज नाही, अन्याय झाला तर नंतर दावा लावता येतो, असे न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. म्हणजे दहा दिवस घरी बसवायचे तर आधी ऐकायचे, आणि अंग सुजेपर्यंत मारायचे तर नाही! दिलेला फटका कोणता दावा परत घेणार? अनेक राज्यांनी पुढे कायद्याने ही शिक्षा बंद केली. पण तो निकाल आजही कायम आहे.

आपल्या घटनाकारांनी २१ व्या कलमात हे अमेरिकन शब्द टाळले. तरी १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची पद्धत न्याय्य व वाजवी हवी असे सांगितलेच.

ऐकून घेण्याची गरज सर्वांत अधिक कोणाला असते? ज्याचा मामा वकील आहे त्याला नव्हे. माझ्या प्रवेशाच्या दिवशी वडील ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढून उभे होते. आत साहेबांशी काय बोलावे हे त्यांना ठाऊक नव्हते. अशा घरच्या मुलावर उद्या आळ आला तर त्याच्या वतीने बोलणारे कोणी नसते. त्याचे स्वतःचे तोंड तेवढे असते. तेही बंद केले तर उरले काय?

म्हणून आधी ऐका. मग दोषी ठरला तर खुशाल शिक्षा करा. ती तो मुकाट्याने सोसेल, कारण ती त्यालाही पटलेली असेल.

— द्वितीय वर्ष, कला