क्षमावाणी आणि परत पाठवलेली मुलगी



यंदा क्षमावाणीच्या दिवशी मंदिराच्या पायरीवर एका माणसानं माझ्यासमोर हात जोडले, "अक्का, उत्तम क्षमा." मी उत्तर न देता पुढे गेले. तेव्हापासून घरचे माझ्यावर रागावलेले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

तो माझ्या मावसबहिणीचा नवरा. दोघंही सांगलीकडचे, आता खारघरला राहतात. (तिला विचारूनच लिहिते आहे, नाव लिहिणार नाही.) पहिली थप्पड लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात बसली. कारण काय, तर तो ऑफिसातून लवकर आला होता आणि सूर्यास्ताआधी ताट तयार नव्हतं. रात्रिभोजनाचा नियम मोडू नये म्हणून बायकोवर हात! दिव्यावर येणाऱ्या किड्याची दया, आणि समोर उभ्या असलेल्या पंचेंद्रिय जिवाची काहीच नाही. त्या घरात पाणी आजही गाळूनच पितात.

मग नेहमीचं चक्र. आठ-दहा दिवस धुसफूस, मग मार, मग रडून माफी आणि वाशीहून आणलेली साडी. नंतर महिनाभर शांतता. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 साली मार खाणाऱ्या बायकांवरच्या पुस्तकात हेच टप्पे सांगितले होते. आधी ताण, मग मारहाण, मग गोडवा. आपल्याकडे या गोडव्याला कॅलेंडरवर तारीख आहे, एवढाच फरक. दशलक्षण संपतं, तो हात जोडतो, वडीलधारे डोळे पुसतात आणि तिला परत पाठवतात. तीन वर्षांपूर्वी तिची बॅग मी स्वतः भरून दिली होती. "झालं गेलं सोड, क्षमा कर," असं मीच म्हणाले होते. दिवाळीच्या आत तिचा कान सुजलेला होता.

'आपल्या समाजात असलं काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढावा. अहिंसाव्रताचे पाच अतिचार तिथे दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. प्रवचनात आम्हाला उदाहरण नेहमी बैलाचं देतात. सुनेचं का नाही? माहेरी जाऊ न देणं, फोन काढून घेणं हा बंध नाही? आजारी असताना वीस माणसांचा स्वयंपाक हे अतिभारारोपण नाही?

आणि क्षमेबद्दल बोलायचं, तर प्रतिक्रमणाबरोबर प्रत्याख्यानही असतं. झालेल्या चुकीची कबुली आणि पुढे न करण्याचा नियम. दुसरा भाग दरवर्षी गाळायचा आणि पहिला वाजतगाजत करायचा, याला क्षमावाणी कसं म्हणायचं?

मामा म्हणतात, पोलिसात जाणं हीसुद्धा हिंसाच. मामा, हिंसेचे चार प्रकार तुम्हीच आम्हाला शिकवलेत. श्रावकानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची असते. स्वतःच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा गृहस्थाला टाळता येत नाही, हे आचार्यांनीही मानलं आहे. इथे तर ती हातसुद्धा उचलत नाहीये, फक्त एक अर्ज देते आहे.

तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नाही का सोसलं?" त्यांनी खरंच सोसलं आहे. सासरे मारायचे, ते बघत मुलगा मोठा झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही दिसतं की जिच्या आईला वडील मारायचे, तिच्या वाट्याला नवऱ्याचा मार येण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे मार लेकाकडे जातो तसा लेकीकडेही जातो. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. परवा त्यानं धाकट्या बहिणीला ढकललं, लगेच हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणाला आणि पाच मिनिटांत पुन्हा मारलं. हे त्याला पाठशाळेत शिकवलेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त मारापुरता नाही. शिवीगाळ, पैसे अडवणं हेही त्यात येतं. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असला तरी सून तिथे संसार करत असेल तर राहण्याचा हक्क मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2020 मध्ये स्पष्ट केलं. अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे देता येतो, सरकारी वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. महिलांसाठीची हेल्पलाइन 181. हा नंबर स्वयंपाकघरात लिहून ठेवा, पण नवऱ्याला दिसेल असा नको.

सध्या ती मुलांना घेऊन माझ्याकडे नेरूळला आहे. मामा रविवारी येतो म्हणाले, दाजींनाही सोबत घेऊन, बसून मिटवू. मी म्हटलं, तुम्ही एकटे या.